आवतन

त्या वर्षी आमच्या चोरखमाऱ्यात फोनला रेंज हवी असली की तलावाच्या पाळीवर जावं लागे. तेही पाळीच्या एका ठरावीक वळणावर. तिथे उभं राहून हात जरा वर धरला की फोनमध्ये दोन काड्या उगवत, आणि ढग आले की पुन्हा मावळत. २ जून २०१८ची संध्याकाळ. तलावाचं पाणी पार आत सरकलेलं, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल धुरकट निळं दिसत होतं, आणि माझा धाकटा भाऊ हात उंच करून जोरात ओरडत होता, "ताई, बाबाले बलाव! आईलेबी बलाव!"

फोनवर भारताच्या फुटबॉल संघाचा कप्तान सुनील छेत्री होता. मागे साधी भिंत, समोर तो एकटा. आदल्या दिवशी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं होतं आणि त्यातले तीन गोल त्याचे होते. सामना पाहायला आले होते २५६९ लोक. त्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल तो बोलत होता. इंग्रजीत बोलत होता, म्हणून मी आईला एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेले. ज्यांची आमच्यावरची आशा संपली आहे, त्यांनीसुद्धा मैदानावर या. फोनवर शिव्या देण्यात काय मजा, समोर येऊन द्या, ओरडा आमच्यावर. कोण जाणे, एखाद दिवशी तुमचं मन बदलेलही. परदेशातले मोठे क्लब पाहणाऱ्यांनो, आमचा खेळ त्या तोडीचा नाही हे आम्हाला कळतं, तरी या, तुमचा वेळ आम्ही फुकट जाऊ देणार नाही.

व्हिडिओ मध्येच अडकत होता. चेहरा थिजायचा, चाक फिरत राहायचं, मग पुन्हा आवाज यायचा. संपला तेव्हा अंधार पडत आला होता. बाबा काही बोलले नाहीत. आई पदराने मान पुसत म्हणाली, "आवतन आलं म्हना ना. मंग जाचं."

आईने तो शब्द सहज वापरला, पण मी त्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिले. आवतन म्हणजे नुसतं बोलावणं नव्हे. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची मंडई ठरल्या दिवशी. दुपारी बाजार, दंडार, रात्रभर नाटक. त्या दिवसासाठी लेकी-जावई, सोयरे, मामे-मावसे सगळ्यांना आवतन जातं. ज्याला आवतन गेलं त्याने यायचं असतं. तो आला नाही तर बोलावणाऱ्याच्या घरी ताट वाढून ठेवलेलं राहतं, आणि शेजारीपाजारी विचारतात, तुमचे पाहुणे काऊन नाही आले? त्या प्रश्नाला उत्तर द्यायची पाळी कोणावर येऊ नये म्हणून माणसं ताप अंगावर घेऊन मंडईला येतात. आईच्या दृष्टीने त्या पोराच्या घरी ताटं वाढलेली होती आणि पाहुणे आले नव्हते. "एवढा विनवते तो पोरगा," ती पाळीवरून उतरताना म्हणाली, "कोनी गेलंच नाही तं त्याच्या मायले कसं वाटंल?"

फुटबॉल आमच्या घरात बाबांनी आणला. त्यांचं बालपण काही वर्षं कामठीला मामाच्या घरी गेलं. नागपूरजवळची कामठी म्हणजे जुनी छावणी, आणि तिथलं फुटबॉलचं वेडही तितकंच जुनं. तिथे पोरं चालायला लागली की त्यांच्या पायाशी काहीतरी गोल येतंच, असं बाबा सांगत. त्यांचे मामा जुने सामने वंशावळ सांगावी तसे सांगायचे. १९५६चं मेलबर्न ऑलिंपिक, ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं तो सामना, मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. १९६२चं जकार्ता, चुनी गोस्वामी कप्तान, दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण. बाबांनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं, मामांनीही नव्हतं. पण कामठीच्या ओसरीवर ऐकलेली ती नावं बाबांनी आम्हाला चोरखमाऱ्याच्या ओसरीवर दिली, आणि आम्ही ती आजोबा-पणजोबांच्या नावांसारखी जपली.

गावात मैदान नव्हतं. हिवाळ्यात धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होत, पण धसकटं पायात शिरत, आणि दर पंचवीस पावलांवर धुरा आडवा येई. खरं मैदान उन्हाळ्यात मिळायचं. तलावाचं पाणी जसजसं आटत जाई तसतशी गाळाची सपाट जमीन उघडी पडे. वरून भेगाळलेली, आतून जरा मऊ. तिथे बांबूचे खांब रोवून गोल व्हायचे. मीही खेळायचे, पोरांबरोबर, फ्रॉकच्या आत भावाची चड्डी घालून. शिट्टी नव्हती, घड्याळही नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला की सामना संपला, मग गोल किती का झाले असेनात. कारण त्यानंतर त्या पाण्यावर आमचा हक्क नसे. डुकरं येत, सांबर येई, कधी अस्वल. सकाळी गेलं की आमच्या गोलखांबांच्या मधून गेलेले खुरांचे ठसे दिसायचे. भाऊ लहान होता तेव्हा तो ते मोजून, रात्री जनावरांनी किती गोल मारले ते सांगायचा.

ठसे वाचायला बाबांनी शिकवलं. ते वनरक्षक होते. उभी नोकरी जंगलात गेली आणि २०१८ला निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. वाघाच्या पंज्यावर काच धरून रेघ ओढायची, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. पुढे झाडांना कॅमेरे लागले. पण बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढून केलेली मोजणी बाबांना सगळ्यांत प्रिय. चोवीस तास एका जागी बसायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. पाण्याकडे पाहत राहायचं. जे आलं ते वहीत लिहायचं: वेळ, जनावर, नर की मादी, संख्या. त्यांच्या वहीत दोन रकाने असत. एक प्रत्यक्ष दर्शनाचा, दुसरा खुणांचा. खुणांमध्ये ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, ऐकलेला आवाज. जनावर तिथून गेलं एवढंच त्यातून कळतं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की काही येणारच नसेल तर एवढं का बसायचं. ते म्हणाले, "येवो का न येवो, मचान सोडाचा नाही. आपन बसलो होतो, हेबी लिहावं लागते."

टीव्हीवर सामना पाहून झाला की बाबा कधी कधी म्हणायचे, ठसे पाहिले आज. घरात ते सगळ्यांना कळे. कोलकात्याचे, कोचीचे, पार युरोपातले कितीतरी सामने आम्ही पाहिले. २००५ साली क्वेट्टाला भारतासाठी पहिला सामना खेळलेला हा छेत्री आमच्या डोळ्यांदेखत मोठा झाला असं आम्ही समजत होतो. पण बाबांच्या हिशेबात ते सगळं दुसऱ्या रकान्यातलं. पहिला रकाना कोरा होता.

थोरला भाऊ मुंबईत नोकरीला होता. पाळीवरूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी केनियाबरोबर सामना आहे, रात्री आठला, तुम्ही नुसते निघा, तिकिटाचं मी पाहतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही तिरोड्याच्या स्टेशनवर होतो. मी, आई, बाबा, धाकटा. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते आणि थोड्याच वेळात तिरोड्याला येते, त्यामुळे जनरलच्या डब्यात अजून टेकायला जागा असते. आईने फडक्यात भाकरी बांधल्या होत्या, लाखोळीच्या डाळीचं वाळकं पिठलं, आणि एका डब्यात मोहफुलांचे लाडू. ते लाडू कोणासाठी, हे तिने विचारूनही सांगितलं नाही. तिचा आग्रह होता की पाहुणं जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही.

माडगीजवळ वैनगंगा लागली. पात्रात वाळूच जास्त, कडेकडेने पाण्याची एक पट्टी. कामठी आलं तेव्हा उन्हं उतरली होती. गाडी थांबली तेवढ्या वेळात बाबा दारात जाऊन उभे राहिले. मीही मागे गेले. रुळांपलीकडे घरं, भिंती, एक पिंपळ, बाकी काही दिसत नव्हतं. बाबा मात्र एका दिशेला पाहत होते, आणि गाडी हलली तरी दार सोडेनात. जागेवर येऊन बसल्यावर म्हणाले, "मामा असते तं त्याइलेबी घेतलं असतं." मग नागपूरला गर्दीचा लोंढा आत आला आणि आम्ही चौघं दोन जणांच्या जागेत रात्रभर बसलो. धाकटा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. सोळा वर्षांचा पोरगा, पाय सामानावर, तोंड उघडं. आई जागीच होती. घरी पऱ्ह्यांसाठी बांधी नांगरायची होती, मृग चार दिवसांवर आला होता, असल्या दिवसांत गाव सोडून जाणारी आमच्या घरातली ती पहिलीच बाई असेल. तिला मी विचारलं, काळजी वाटते का? ती म्हणाली, दोन दिवसांत धान कुठे जातो.

सोमवारी संध्याकाळी अंधेरीला शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलाच्या बाहेर पोचलो तेव्हा वीरा देसाई रस्त्यावर निळा रंग सांडला होता. रांग वळणं घेत लांबवर गेली होती. थोरल्याने तिकिटं हातात दिली आणि सांगितलं की आता एकही उरलेलं नाही, सगळी संपली. आई त्या रांगेकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "आले वं लोक," ती म्हणाली. "आले." कोणाच्या तरी लग्नात मांडव भरलेला पाहून वधूपित्याच्या बहिणीने म्हणावं, तसं.

आणि पाऊस आला. मुंबईचा पहिला पाऊस, विजा कडाडत, उजेडाच्या खांबांसमोर तिरप्या दोऱ्या. खेळाआधी छेत्रीचा सत्कार झाला. भारतासाठी त्याचा तो शंभरावा सामना होता आणि त्याआधी शंभरी गाठलेला एकच भारतीय, बायचुंग भुतिया, स्वतः तिथे उभा होता. बाजूला भारताचा जुना खेळाडू आय. एम. विजयन. बाबांनी माझं मनगट धरलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांची पकड मला आजही आठवते. जंगलात काही दिसलं की आवाज न करता ते असंच धरायचे.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मैदानावर पाणी साचलं. चेंडू लाटावा तसा जायचा आणि मध्येच डबक्यात बसायचा. पाय मारला की चेंडूपेक्षा पाणीच जास्त उडे. आमच्या मागचे लोक हळहळत होते की आता खेळ कसला होणार. आई मात्र खुर्चीच्या टोकावर आली. "ही तं रोवनीची बांधी झाली," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिने जो सामना पाहिला तो आमच्यापैकी कोणालाच दिसला नसता. तिने तीसेक वर्षं गुडघाभर चिखलात मागे मागे सरकत रोवणी केलेली. कोणाचा पाय चिखलात बसतो आणि कोणाचा सुटतो, हे ती घोट्याकडे पाहून सांगू लागली. "तो पडन आता," म्हणायची, आणि तो पडायचा. "चिखलात पाय ओढाचा नसते, उचलाचा असते. तो झिंगन का कोन, त्याले येते पाहा." केनियाच्या एका उंच खेळाडूचं तिने मनापासून कौतुक केलं, की याच्या घरी नक्की बांधी असेल. आयुष्यभर बाबा तिला ऑफसाइड समजावत आले होते, आणि त्या रात्री बाबा तिला विचारत होते, आता हा कुठून जाईल?

पहिला अर्धा भाग कोरा गेला. आम्ही पाचही जण चिंब. ढोल चालूच होते, एका बाजूला ब्लू पिलग्रिम्स या चाहत्यांच्या गटाची पोरं थांबायलाच तयार नव्हती, आणि त्यांचं ऐकून आपोआप आमचेही हात वर जात होते. मध्यंतरात आईने फडकं सोडलं. भाकरी ओल्या झाल्या होत्या. शेजारी बसलेलं एक जोडपं होतं, बंगाली असावं, त्यांच्या हातावर तिने अर्धी अर्धी ठेवली आणि लाडूचा डबा पुढे केला. मोह म्हणजे काय हे त्यांना थोरल्याने समजावलं. त्या बाईंनी लाडू खाल्ला, डोळे मिटले, आणि दुसरा मागून घेतला. लाडू कोणासाठी होते ते मला तेव्हा कळलं. आवतन एकाचं असलं तरी पंगतीत शेजारी कोण बसेल ते आपल्याला आधी ठाऊक नसतं.

पाऊण तास उलटला, तास उलटला. माझा धीर सुटत चालला होता. एवढं लांब आलो, आणि शून्य-शून्य पाहून परत जाणार? बाबांकडे पाहिलं. ते मचाणावर बसले होते. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, नजर एका जागी नाही पण भटकतही नाही. चश्म्यावरून पाणी ओघळत होतं, ते पुसत नव्हते. मला एकदम लाज वाटली आणि मी नीट बसले.

६८व्या मिनिटाला छेत्रीला पेनल्टी क्षेत्रात पाडलं, आणि पेनल्टी त्यानेच घेतली. गोल. पुढे तीनच मिनिटांनी आपल्याच जेजेने दुसरा मारला. त्या दोन गोलांच्या मधला काळ माझ्या आठवणीत नाहीच. ओले हात, कोणाच्या तरी छत्रीची काडी, धाकटा रडत होता का हसत होता कळत नव्हतं. तिसरा मात्र पुरता आठवतो. वेळ भरून गेलेली, जादा वेळ चालू. छेत्री चेंडू घेऊन पुढे निघाला, गोलरक्षक समोर आला, आणि त्याने चेंडू अलगद वर उचलला. फार जोर नाही, घाई नाही. तो चेंडू उजेडात पावसातून चढला आणि उतरला, आणि सगळं मैदान एक क्षण गप्प झालं असं मला वाटतं, पण ते कदाचित माझ्यापुरतंच असेल. आई टाळ्या वाजवत नव्हती. हात जोडल्यासारखे छातीशी धरून ती म्हणाली, "पान्याले शिवलाच नाही वं तो."

३-०. लोक जागा सोडत नव्हते. खेळाडू प्रेक्षकांच्या बाजूला आले, आणि मधे पाऊस होता म्हणून की काय, त्यांचे चेहरे स्पष्ट दिसत नव्हते. तरी प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्याचकडे पाहतो आहे. आई उभी राहिली आणि घरून पाहुणे निघताना ओसरीवरून करतो तसा तिने हात केला. त्या गर्दीत तो कोणाला दिसणार होता? पण मला त्या रात्रीतलं तेच दृश्य सगळ्यांत खरं वाटतं. इकडून केलेला एक हात, तिकडून आलेलं एक बोलावणं, आणि मध्ये भिजलेली हिरवी जमीन. दीड हजार मिनिटांत बसतील एवढे सामने मी त्यानंतर पाहिले असतील, पण कोणी खेळतं आणि कोणी पाहतं, यात पाहणाऱ्यानेही काही द्यायचं असतं, हे मला त्या हातामुळे उमगलं. नुसतं येऊन बसणं, ओलं होणं, कोरा अर्धा भाग सोसणं, यालासुद्धा काही वजन असतं.

बुधवारी सकाळी तिरोड्याला उतरलो. गावात पोचेस्तोवर दुपार झाली. आई तशीच बांधीकडे गेली. पुढचे सामने आम्ही घरीच पाहिले. न्यूझीलंडकडून १-२ हार, आणि १० जूनचा अंतिम सामना, पुन्हा केनिया, पुन्हा छेत्रीचे दोन गोल. तेव्हा देशासाठी त्याचे ६४ गोल झाले, त्या वेळच्या मेस्सीच्या बरोबरीचे. त्या रात्री आमच्याकडेही पाऊस होता. बाबांनी वही काढली. निवृत्तीनंतरही त्यांनी ती सोडली नव्हती, पाळीवर काय दिसलं ते लिहीत असत. पान मागे उलटून मी पाहिलं. ४ जून. अंधेरी. रात्री ८ ते १०. पाऊस. आणि पहिल्या रकान्यात, त्यांच्या बारीक सरळ अक्षरात, छेत्रीसह दोन्ही संघांच्या खेळाडूंची संख्या, आणि त्याखाली: प्रेक्षक, मोजता आले नाहीत.

दिवाळी आली. धान कापून खळ्यावर आलं आणि मंडईची तारीख ठरली. दरवर्षीप्रमाणे बाबा आवतनाची यादी करायला बसले. आई चुलीपुढून नावं सांगत होती. मोठी आत्या, तिचे जावई, कामठीच्या मामांची मुलं, तुमसरचे व्याही. यादी संपली असं वाटून बाबांनी पेनाला टोपण लावलं.

"त्या पोराचं राह्यलं," आई म्हणाली. "आपन जाऊन आलो ना त्याच्याकडं."

ज्याच्या घरी जेवलं त्याला आपल्या घरी बोलवायचंच असतं. बाबांनी टोपण काढलं. नाव लिहिलं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आवतन पोचवायचं कसं, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मंडईच्या दिवशी आईने नेहमीसारखाच स्वयंपाक केला, आणि तांदूळ धुताना घरची माणसं, येणारे पाहुणे असं बोटांवर मोजून झाल्यावर वर आणखी एक मूठ घातली.